जमीन सरकारची, शाळा गावाची

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग स्थानक मागे पडले की थोड्याच वेळात भिलाईच्या झोतभट्ट्या दिसू लागतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा हा मुलूख जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्याचा कारभार नागपुराहून चालत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे वेगळे राज्य झाले. राज्याच्या सीमा बदलल्या, राजधान्या बदलल्या. जमीन मात्र तेथेच राहिली.

भिलाईचे पोलाद ज्या द्रव्यांपासून बनते त्यांतील बरीचशी या जमिनीतूनच येतात. लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली आणि राजहरा येथील टेकड्यांतून येते. चुनखडी जवळच्या नंदिनीच्या खाणीतून आणि डोलोमाइट बिलासपूर जिल्ह्यातील हिर्री येथून येते. १९५९ च्या जमीन महसूल संहितेचे ५७ वे कलम असे सांगते की, राज्यातील सर्व जमिनी, वाहते व साठलेले पाणी, खाणी, खनिजे आणि वने ही राज्य सरकारच्या मालकीची आहेत. मध्य प्रदेशासाठी केलेली ही संहिता छत्तीसगढानेही पुढे चालू ठेवली.

मालकी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर याप्रमाणे एका वाक्यात मिळते. परंतु त्यातून दुसरे दोन प्रश्न निर्माण होतात. या जमिनीच्या उत्पन्नातील कोणता वाटा त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांच्या शिक्षणासारख्या गरजांसाठी राखावयाचा? आणि तो कसा खर्च करावयाचा हे ठरविताना त्या लोकांना कोण, केव्हा आणि कशा प्रकारे विचारणार? पहिल्या प्रश्नाचा विचार जगात पुष्कळ झाला आहे. दुसऱ्याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. आणि तरीही पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर राहणार की प्रत्यक्षात उतरणार, हे बहुतांशी दुसऱ्यावरच अवलंबून असते.

एक जुनी कल्पना

सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवाव्यात ही कल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांत व्यापक प्रमाणावर अमलात आली. १७८५ च्या भूमिविषयक अध्यादेशाने पश्चिमेकडील प्रदेशाची चौरस विभागांत आखणी केली. अशा प्रत्येक विभागाचे एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे पाडले गेले आणि त्यांपैकी १६ व्या क्रमांकाचा तुकडा त्या विभागातील सार्वजनिक शाळांच्या निर्वाहासाठी राखून ठेवला गेला. पुढे स्थापन झालेल्या काही राज्यांना असे दोन, तर यूटा, अ‍ॅरिझोना व न्यू मेक्सिको या कोरड्या प्रदेशांतील राज्यांना चार तुकडे मिळाले.

या जमिनींचा इतिहास उद्बोधक आहे. ओहायोसारख्या आरंभीच्या राज्यांनी आपल्या शाळांच्या जमिनी लवकर विकून टाकल्या आणि त्यांच्या हाती फारसे काही उरले नाही. उलट, टेक्ससने १८५४ मध्ये २० लाख डॉलर बाजूला काढून शाळांसाठी कायम निधी उभारला. मुद्दलाला हात न लावता त्याचे उत्पन्न शाळांना देण्याचे हे तत्त्व नंतर अनेक राज्यांनी स्वीकारले. तेथे राज्य हे या जमिनींचे मालक असले तरी स्वैर मालक नव्हे. ते विश्वस्त आहे, असे न्यायालयांनी मानले. १९६७ मध्ये अ‍ॅरिझोना राज्याच्या रस्ते खात्याला शाळांच्या राखीव जमिनीतून रस्ता न्यावयाचा होता. सरकारी खात्याने सरकारी जमिनीचे मोल कशासाठी द्यावे, असा प्रश्न निघाला. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पूर्ण किंमत शाळांच्या निधीत भरली पाहिजे.

सल्लामसलतीच्या दृष्टीने यूटा राज्याची व्यवस्था विशेष पाहण्यासारखी आहे. १९९९ मध्ये तेथे असे ठरले की, कायम निधीच्या उत्पन्नातील वाटा सरळ प्रत्येक शाळेला द्यावा आणि तो कशावर खर्च करावयाचा याची योजना त्या शाळेतील पालक व शिक्षक यांच्या परिषदेने आखावी. वरिष्ठ मंडळाची मंजुरी लागतेच. पण पहिला शब्द पालकांचा असतो.

या कथेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. शाळांसाठी राखलेली ही भूमी मुळात तेथील आदिवासी जमातींची होती आणि आखणी करताना त्यांना कोणीही विचारले नव्हते. उदात्त हेतूने राखलेल्या जमिनीच्या मुळाशीदेखील न विचारता घेतलेली जमीन असू शकते. भिलाईच्या संदर्भात याचा विसर पडता कामा नये.

निस्तार-पत्रक

छत्तीसगढात आणि शेजारच्या पूर्व विदर्भात सरकारी जमिनीविषयी गावाचे मत विचारण्याची स्वतःची एक परंपरा आहे. तिचे नाव ‘निस्तार’. सरपण, चराई, घरदुरुस्तीसाठी लाकूड, मुरूम, माती, वाळू, तळ्याचे पाणी या दैनंदिन गरजा गावाच्या सामाईक जमिनीतून भागविण्याचा रहिवाशांचा जो हक्क, तो निस्तार. ब्रिटिश काळात मध्य प्रांतात जमाबंदी झाली तेव्हा मालगुजार, म्हणजे छत्तीसगढातील गौटिया, हे गावाचे मालक ठरले. परंतु गावकऱ्यांच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदल्या गेल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि पडीक जमीन, जंगल व तळी सरकारकडे आली.

अशा वेळी गावाच्या हक्काचे काय होणार, याचे उत्तर १९५९ च्या संहितेने दिले. प्रत्येक गावासाठी निस्तार-पत्रक तयार करावे, त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा आणि रहिवाशांची इच्छा जाणून घेतल्यानंतरच जिल्हाधिकाऱ्याने ते पक्के करावे, असे २३४ वे कलम सांगते. पुढे पत्रकात बदल करावयाचा असल्यास ग्रामसभा तशी मागणी करू शकते. ग्रामसभा नसेल तेथे गावातील किमान एक चतुर्थांश प्रौढ रहिवासी अर्ज करू शकतात. २३७ व्या कलमानुसार बिनकब्जाची सरकारी जमीन ज्या कामांसाठी राखून ठेवता येते त्यांत कुरण, स्मशानभूमी, खळे व बाजार यांच्याबरोबर शाळा आणि क्रीडांगणे यांचाही उल्लेख आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तार-पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची कलमे आहेत. विदर्भातील वाचकांना हे शब्द अपरिचित नसावेत.

ही तरतूद साधी दिसते. पण तिच्यामागील विचार महत्त्वाचा आहे. येथे सरकार मालक असूनही गावाची इच्छा आधी जाणून घेतली जाते आणि निर्णय नंतर होतो. मात्र राखून ठेवलेली जमीन काही अटींवर दुसऱ्या कामाकडे वळविण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्याला आहे. म्हणजे गावाचा शब्द पहिला असला तरी शेवटचा नव्हे.

कारखान्याच्या शाळा

भिलाईचा कारखाना उभा राहिला तेव्हा परिसरातील अनेक गावांच्या शेतजमिनी संपादित झाल्या. त्या काळच्या संपादनाचा आधार १८९४ चा कायदा हा होता. त्यात हरकत नोंदविण्याची सोय होती. संमतीची अट नव्हती. राष्ट्राच्या उभारणीचा तो काळ होता आणि पोलाद हे नव्या भारताचे प्रतीक मानले जात होते. भातशेती करणाऱ्या कुटुंबाला मिळणारा मोबदला व कारखान्यातील नोकरीची संधी यांचे मोल त्या वेळी अनेकांना पुरते उमगलेही नव्हते.

कारखान्याबरोबर नियोजित नगर आले. ते ‘सेक्टर’ नावाच्या विभागांत वसविले गेले आणि त्यांत दवाखाने, बाजार, मैदाने व शाळा आल्या. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले एका वर्गात बसू लागली. त्यांत मराठी कुटुंबांतील मुलेही होती. या शाळांचा लौकिक मोठा होता. खाणी सरकारच्या, कारखाना सरकारचा आणि शाळेचा खर्च कारखान्याचा. सरकारी भूमीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या शाळेचे हे भिलाईतील पहिले रूप म्हणता येईल.

परंतु या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे या शाळा मुख्यतः कारखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी होत्या. नगराच्या हद्दीबाहेर, ज्या गावांची जमीन गेली होती तेथील सर्वच मुलांना त्यांचे दार उघडे नव्हते. दुसरी उणीव अशी की, शाळा हा कारखान्याच्या कल्याणकारी धोरणाचा भाग होता, लोकांचा हक्क नव्हता. १९८० नंतरच्या दशकात कामगारांची संख्या साठ हजारांच्या पुढे गेली होती. नंतर भरती घटली, यंत्रे वाढली आणि ही संख्या निम्म्याहूनही पुष्कळ खाली आली. तशी शाळांतील मुलेही कमी झाली आणि काही शाळा बंद करण्यात किंवा एकमेकींत मिसळण्यात आल्या. जे स्वेच्छेने दिले जाते ते स्वेच्छेने थांबविताही येते.

राजहऱ्याने विचारलेला प्रश्न

खाणीच्या उत्पन्नावर कोणाचा हक्क, हा प्रश्न कायद्याने विचारण्यापूर्वी राजहऱ्याच्या खाणकामगारांनी विचारला होता. कारखान्याचे कायम कामगार आणि ठेकेदारांकडील खाणकामगार यांच्या जीवनमानात फार मोठे अंतर होते. १९७७ मध्ये या ठेकेदारी कामगारांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. शंकर गुहा नियोगी हे त्याचे नेते होते. मजुरीपुरतेच काम मर्यादित न ठेवता या संघटनेने आरोग्य, शिक्षण व दारूबंदी हे विषय हाती घेतले. १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद रुग्णालय उभे राहिले.

खाणीच्या व्यवस्थापनाविषयीही संघटनेने मत मांडले. पूर्ण यांत्रिकीकरणामुळे हजारो हातांचे काम जाईल हे दिसताच तिने नुसता विरोध न करता अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना पुढे ठेवली. खाणीत काम करणारा मनुष्य खाणीच्या नियोजनाविषयी विचार करू शकतो, ही गोष्ट तिने सिद्ध केली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे नियोगी यांची हत्या झाली. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मागे उरला.

२०१५ चा कायदा

या प्रश्नाला कायद्याचे काहीसे उत्तर २०१५ मध्ये मिळाले. त्या वर्षी खाण व खनिजे अधिनियमात दुरुस्ती होऊन खाणकामाने बाधित झालेल्या प्रत्येक जिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ हा विश्वस्त निधी स्थापण्याची तरतूद झाली. खाणीमुळे बाधित झालेल्या व्यक्तींचे व क्षेत्रांचे हित साधणे हा त्याचा उद्देश होय.

पैसा कसा जमा होतो ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लोहखनिजाची सरासरी विक्रीकिंमत नागपूर येथील भारतीय खाण ब्यूरो प्रसिद्ध करतो. त्या किमतीच्या १५ टक्के रक्कम स्वामित्वधन म्हणून राज्याला मिळते. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांच्या बाबतीत स्वामित्वधनाच्या ३० टक्के, तर नंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत १० टक्के इतकी आणखी रक्कम पट्टेदाराने प्रतिष्ठानात भरावयाची असते. म्हणजे १०० रुपये किमतीच्या खनिजावर स्वामित्वधन १५ रुपये आणि जुन्या पट्ट्यावर प्रतिष्ठानाचा वाटा साडेचार रुपये. रक्कम लहान वाटते. परंतु खाणीतून खनिजाने भरलेल्या गाड्यांमागून गाड्या जात असतात, हे लक्षात घेतले म्हणजे तिचा आकार कळतो.

हा निधी कसा वापरावा यासाठी त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजना जाहीर केली. किमान ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, स्वच्छता, स्त्रिया व मुले यांचे कल्याण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च व्हावी, असे तिच्यात म्हटले होते. शिक्षणाच्या यादीत वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृहे व वसतिगृहे आहेतच. शिक्षक नेमणे आणि मुलांच्या वाहतुकीची सोय करणे यांचाही तिच्यात समावेश आहे.

येथे भिलाईच्या जुन्या व्यवस्थेपासूनचा फरक उघड होतो. कारखान्याची शाळा ही त्याच्या कर्मचाऱ्यासाठी होती. प्रतिष्ठानाचा पैसा खाणीने बाधित झालेल्या रहिवाशासाठी आहे. पहिला लाभ कारखान्याच्या मर्जीने मिळत असे. दुसरा कायद्याने मिळतो.

विचारावयाचे केव्हा?

मग निर्णय कोण घेतो? प्रतिष्ठानाच्या नियामक परिषदेचा अध्यक्ष कोण असावा, यावरच मतभेद झाले. आरंभी जिल्हाधिकारी अध्यक्ष होते. २०१९ मध्ये छत्तीसगढ सरकारने ते पद जिल्ह्याच्या प्रभारी मंत्र्यांकडे दिले आणि बाधित क्षेत्रातील ग्रामसभांच्या सदस्यांनाही परिषदेत स्थान दिले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जिल्हाधिकारीच अध्यक्ष असावेत असा आदेश काढला. खुर्ची कोणाची, हा वाद गावाच्या दृष्टीने दुय्यम आहे. यादी कोठे तयार होते, हा खरा प्रश्न होय.

राजहऱ्याचा परिसर आता बालोद जिल्ह्यात येतो. २०१२ मध्ये दुर्ग जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. त्यातील डौंडी हा विकासखंड अनुसूचित क्षेत्र आहे. अशा क्षेत्रांत १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, म्हणजे ‘पेसा’, लागू होतो. खनिज क्षेत्र कल्याण योजनेचे नियमही येथे स्पष्ट आहेत: गावात घ्यावयाच्या सर्व योजनांना आणि लाभार्थींच्या निवडीला ग्रामसभेची मंजुरी हवी, आणि वर्ष संपल्यावर झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला पाहिजे.

मंजुरी आणि विचारविनिमय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. खाणीजवळच्या एका गावात कोटवार दवंडी पिटतो, ग्रामसभा भरते आणि सचिव कामांची यादी वाचून दाखवितो. यादीत शाळेला दोन नव्या खोल्या आहेत. खोल्या कोणाला नकोत? हात वर होतात, ठराव होतो, अंगठे व सह्या होतात. परंतु त्या गावातील आयांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते की, आहेत त्या खोल्या पुरेशा आहेत. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे आणि पाचवीनंतरची शाळा नाल्यापलीकडे असल्यामुळे पावसाळ्यात मुली घरी बसतात. शिक्षक आणि वाहन या दोन्ही गोष्टी नियमांच्या यादीत होत्या. त्या गावाच्या यादीत आल्या नाहीत, कारण यादी झाल्यानंतर गावाला विचारले गेले.

याहून दुर्बल प्रकार पर्यावरणविषयक जनसुनावणीत आढळतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणप्रकल्पापूर्वी अशी सुनावणी घ्यावी लागते. तीस दिवसांची पूर्वसूचना दिली जाते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात आणि कामकाजाचे चित्रीकरण होते. तथापि तिला गणपूर्तीची अट नाही. लोकांचे म्हणणे नोंदले जाते. ते मान्य करण्याचे बंधन नाही. याउलट निस्तार-पत्रकाची पद्धत जुनी असूनही एका बाबतीत सरस आहे. तेथे मसुदा गावात लागतो, इच्छा जाणून घेतली जाते आणि मगच पत्रक पक्के होते.

तेव्हा सल्लामसलत खरी की नावापुरती, हे ओळखण्याच्या तीन कसोट्या सांगता येतील. मसुदा पक्का होण्यापूर्वी तो लोकांच्या भाषेत लोकांसमोर आला काय? एखादी सूचना नाकारली गेल्यास तिचे कारण सांगितले गेले काय? आणि खर्च झाल्यानंतर हिशेब त्याच लोकांपुढे पुन्हा ठेवला गेला काय? शेवटची कसोटी सर्वांत सोपी वाटते. पण तिच्यावाचून पहिल्या दोन फार काळ टिकत नाहीत. गेल्या वर्षीच्या खोलीचे काय झाले हे ज्या सभेला कळत नाही, ती सभा यंदाच्या खोलीविषयी बोलावयास उत्सुक राहत नाही.

खाण संपल्यानंतर

जमीन आणि खनिज यांत एक मूलभूत भेद आहे. चराईचे कुरण राखले तर दर पावसाळ्यात हिरवे होते. टेकडीतून काढलेले लोहखनिज पुन्हा भरून येत नाही. राजहऱ्याचे साठे घटत चालल्यामुळेच कारखान्याला अधिक दक्षिणेकडील रावघाटच्या डोंगरांकडे वळावे लागले. म्हणून आज मिळणारे साडेचार रुपये हे पीक नव्हे, ते मुद्दल आहे. ते सर्वच्या सर्व आज खर्च झाले तर, खाण बंद पडल्यावर जन्मणाऱ्या मुलाच्या वाट्याला केवळ खड्डा येईल. प्रतिष्ठानाच्या निधीतील वाजवी रक्कम कायम निधी म्हणून बाजूला ठेवावी, ही सूचना २०१५ च्या नियमांतच केलेली आहे. ओहायो आणि टेक्सस यांच्या अनुभवांतील अंतर येथे मार्गदर्शक ठरावे.

परंतु कायम निधी ठेवावयाचा म्हणजे आजच्या गावाने आपली एखादी निकड पुढे ढकलावयाची. असा त्याग हुकुमाने मागता येत नाही. ज्या गावाने मसुदा वाचला आहे, ज्याच्या सूचनेने यादी बदलली आहे आणि ज्याला दरवर्षी हिशेब मिळतो, तेच गाव नातवंडांसाठी काही राखून ठेवण्यास राजी होईल. कारण तो पैसा आपला आहे, अशी त्याची खात्री झालेली असेल.

भिलाईच्या पोलादाने देशाला रूळ दिले, पूल दिले. ज्या भूमीतून ते पोलाद निघाले तिची मालकी सरकारकडे आहे आणि ती तशी असण्यास सबळ कारणे आहेत. मात्र विश्वस्त या नात्याने सरकारवर एक जबाबदारी येते. ज्यांच्यासाठी जमीन राखावयाची, त्यांना निर्णयापूर्वी विचारावयाचे आणि निर्णयानंतर हिशेब द्यावयाचा. राजहऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या गावातील शाळेत शिक्षक आहे की नाही, हे त्या गावाइतके अचूक दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.